एक रकाना, चार खरे आकडे : क्रेडिट कार्डासाठी उत्पन्नाची माहिती नव्याने देण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील कार्डधारक बाई यंत्र अभियंता आहेत. भोसरीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्या बरीच वर्षे डिझाइन विभागात होत्या. त्यांचे पगारखाते ज्या बँकेत होते त्याच बँकेने २०१८ मध्ये त्यांना क्रेडिट कार्ड दिले. तेव्हाचा पगार आणि नियमित परतफेड पाहून कार्डाची मर्यादा पुढे ६,००,००० रुपयांपर्यंत वाढत गेली. नोकरी सोडताना त्यांचा वार्षिक पगार सुमारे १८ लाख रुपये होता. सासऱ्यांच्या आजारपणामुळे २०२२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली, कुटुंब साताऱ्याला आले आणि वर्षभरात त्यांनी भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांना जिग आणि फिक्स्चरची (यंत्रावर काम करताना सुटा भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनांची) रेखाटने करून देण्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा पूर्णांकात घेतल्या आहेत.

नोकरी सुटल्याचे बँकेला कोणी कळवले नव्हते. कार्डाचे बिल दरमहा पूर्ण भरले जात होते, त्यामुळे बँकेकडूनही काही विचारणा झाली नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये बँकेचे ॲप उघडताच पहिल्याच पडद्यावर सूचना आली : ‘आपल्या उत्पन्नाची माहिती अद्ययावत करा.’ खाली तीन रकाने होते. पहिला व्यवसायाचा प्रकार, दुसरा कंपनीचे नाव, तिसरा वार्षिक उत्पन्न. पहिल्या रकान्यात ‘नोकरदार’ हा पर्याय आणि तिसऱ्यात जुन्या पगाराचा आकडा आधीच भरलेला होता. खाली ‘माहिती बरोबर आहे’ असे बटण होते.

हा प्रश्न बँकेने याच सुमारास का विचारला, याचे कारण तिने सांगितले नाही, पण परिस्थिती पाहता ते समजण्यासारखे आहे. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने तारण नसलेल्या ग्राहक कर्जांवरील जोखीम-भार वाढवला आणि बँकांना क्रेडिट कार्डापोटी येणे असलेल्या रकमांसाठी तो १२५ टक्क्यांवरून १५० टक्के झाला. याचा अर्थ असा की कार्डावरच्या तेवढ्याच उधारीमागे बँकेला आता अधिक भांडवल बाजूला ठेवावे लागते. शिवाय कार्डाची मर्यादा ठरवताना ग्राहकाला इतर संस्थांकडून मिळालेल्या मर्यादाही विचारात घ्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेचे तेव्हा लागू असलेले २०२२ चे क्रेडिट व डेबिट कार्डविषयक निर्देश सांगत होते. सहा वर्षांपूर्वीच्या पगारावर दिलेली सहा लाखांची मर्यादा आजही योग्य आहे का, हे बँकेने तपासणे यात गैर काही नाही. गैर आहे ते विचारण्याच्या पद्धतीत, आणि ते पुढे स्पष्ट होईल.

अडचण

बाईंसाठी हे कार्ड दोन कारणांनी महत्त्वाचे होते. डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना आणि कामासाठी घेतलेला संगणक त्यांनी कार्डावरच घेतला होता. संगणकाच्या १,२०,००० रुपयांचे बारा हप्ते केले होते आणि त्यांपैकी ८०,००० रुपये फिटायचे होते. दुसरे कारण सासऱ्यांचे. त्यांना पुण्याच्या रुग्णालयात पूर्वी दोनदा तातडीने दाखल करावे लागले होते. विम्याची मंजुरी येईपर्यंत भरायची अनामत रक्कम दोन्ही वेळा याच कार्डावरून दिली गेली होती. घरात सर्वांनी गृहीतच धरले होते की अडीअडचणीला सहा लाख हाताशी आहेत.

सूचना आल्याच्या दुसऱ्या दिवशी एका साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून फोन आला. ‘मॅडम, तुम्ही इन्कम अपडेट केलेलं नाही, आज संध्याकाळी कार्ड ब्लॉक होईल, आलेला ओटीपी सांगा,’ असे पलीकडून सांगण्यात आले. त्यांनी फोन ठेवला. हा फोन बँकेचा नव्हता, हे ओळखणे त्यांना जड गेले नाही. मात्र त्यामुळे त्यांच्या पतींना ॲपमधली मूळ सूचनाही बनावट वाटू लागली आणि ‘या भानगडीत पडायलाच नको’ असे त्यांचे मत झाले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला निर्णय सूचना खरी की खोटी हा होता. त्यासाठी त्यांनी कोणत्याही लिंकवर न जाता ॲप बंद करून पुन्हा स्वतः उघडले आणि नेट बँकिंगमध्येही प्रवेश केला. दोन्हीकडे तीच सूचना दिसली. सूचना खरी होती. फोन खोटा होता. दोन्हींचा विषय एकच असल्याने गोंधळ झाला होता. फसवणारे लोक बँकांच्या खऱ्या मोहिमांचाच आधार घेतात, म्हणून ‘विषय खरा आहे का’ यापेक्षा ‘मार्ग कोणी उघडला’ हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. संशयास्पद फोनची नोंद त्यांनी केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरील चक्षू या सुविधेत केली. पैसे गेलेले नसल्यामुळे १९३० या सायबर मदत क्रमांकावर जाण्याची गरज पडली नाही.

पुढचा पर्याय काहीच न करण्याचा होता. त्यात एक समज दुरुस्त करावी लागली. पतींच्या मते हे केवायसीच (ग्राहकाच्या ओळखीची पडताळणी) होते आणि ते न केल्यास खाते गोठते. केवायसीची नियमित फेरतपासणी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार जोखमीच्या वर्गाप्रमाणे साधारण दोन, आठ किंवा दहा वर्षांनी होते आणि ती बंधनकारक असते. ॲपमधली ही सूचना मर्यादेच्या आढाव्यासाठीची, वेगळी मोहीम होती. बाईंची केवायसी मुदतीत होती. तेव्हा गप्प राहणे शक्य होते. पण गप्प राहिल्याने मर्यादा सुरक्षित राहील असे नव्हते, कारण ग्राहकांच्या कर्जफेडीची माहिती ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांच्या नोंदी पाहून बँक स्वतःहूनही मर्यादा कमी करू शकते.

‘माहिती बरोबर आहे’ हे बटण दाबणे सर्वांत सोपे होते. त्यांनी तो विचार त्याच दिवशी सोडून दिला. नोकरदार नसताना नोकरदार आणि १८ लाख उत्पन्न असे कळवणे म्हणजे उधारी मिळावी म्हणून खोटी माहिती देणे होते. उद्या कर्जासाठी प्राप्तिकराचे विवरणपत्र द्यावे लागले असते तर हीच नोंद त्यांच्या विरोधात गेली असती. इथे बँकेचाही दोष आहे, आणि तो लहान नाही. जुना आकडा आधीच भरून ठेवून खाली होकाराचे एकच बटण देणे म्हणजे घाईतल्या माणसाला चुकीच्या विधानाकडे ढकलणे होय. रकाना रिकामा ठेवला असता तर ग्राहकाने निदान विचार तरी केला असता.

खरी गुंतागुंत यानंतर सुरू झाली. खोटे लिहायचे नाही हे ठरले, पण खरे म्हणजे कोणते? त्यांच्याकडे चार आकडे होते आणि चारही खरे होते. २०२३-२४ या वर्षात कारखान्यांकडून आलेली एकूण रक्कम १४ लाख रुपये होती. एका आरेखकाचा पगार, सॉफ्टवेअर, प्रवास, वीज हे खर्च जाता हाती उरलेली रक्कम साधारण निम्मी होती आणि प्राप्तिकर कायद्याच्या कलम ४४एडीएखाली विवरणपत्रातही जमेच्या ५० टक्के, म्हणजे ७ लाख रुपये, व्यवसायाचे उत्पन्न दाखवलेले होते. त्यांनी जुनी करप्रणाली निवडलेली असल्याने भविष्य निर्वाह निधी व विम्याचे १,५०,००० आणि आरोग्य विम्याचे २५,००० वजा होऊन विवरणपत्राच्या पोचपावतीवर ‘एकूण उत्पन्न’ म्हणून ५,२५,००० रुपये छापले गेले होते. आणि पतींचा १५ लाखांचा पगार धरला तर घराचे उत्पन्न २२ लाख होत होते.

हा शेवटचा आकडा न्यू जर्सीत राहणाऱ्या त्यांच्या दिरांनी सुचवला. ‘वहिनी, आम्ही तर दोघांचं मिळून लिहितो,’ असे ते म्हणाले, आणि त्यांच्या ठिकाणी ते चूक नव्हते. अमेरिकेत २००९ च्या कार्ड कायद्याने खाते उघडताना व मर्यादा वाढवताना ग्राहकाची फेडण्याची कुवत पाहणे कंपन्यांवर बंधनकारक केले. त्यामुळे जुन्या ग्राहकांना उत्पन्न विचारणे तिथे नेहमीचेच आहे. २०१३ मध्ये तिथला नियम बदलला आणि २१ किंवा अधिक वर्षे वयाच्या व्यक्तीला, जे उत्पन्न आपल्याला वापरता येईल अशी रास्त अपेक्षा आहे, ते जोडीदाराचे असले तरी धरण्याची मुभा मिळाली. घर सांभाळणाऱ्या जोडीदारांची अडचण त्यामागे होती. आपल्याकडच्या निर्देशांचा रोख मात्र कार्ड मागणाऱ्याच्या स्वतंत्र आर्थिक कुवतीवर आहे. बँक स्पष्टपणे कौटुंबिक उत्पन्न विचारत नसेल तर पतीचा पगार पत्नीच्या रकान्यात लिहिणे इथे योग्य ठरत नाही.

१४ लाखांचा मोह अधिक होता, कारण बँकेच्या खात्यात तेवढीच जमा दिसत होती. पण जमा म्हणजे उत्पन्न नव्हे, हे व्यवसाय करणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. आरेखकाचा पगार ज्या पैशातून द्यायचा आहे तो कार्डाच्या बिलासाठी उपलब्ध नसतो.

केलेली कार्यवाही

त्यांनी आकडा भरण्याआधी बँकेला ॲपमधल्या संदेश सुविधेतून तीन प्रश्न लेखी विचारले : ही माहिती देणे बंधनकारक आहे का, स्वतःचा व्यवसाय असणाऱ्याने उत्पन्न म्हणून कोणती रक्कम लिहायची, आणि या माहितीवरून मर्यादा बदलणार असेल तर आधी कळवले जाईल का. माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल हेच होते. पहिल्या उत्तरात बँकेने फक्त ‘माहिती देणे ऐच्छिक आहे’ एवढेच कळवले. दुसऱ्यांदा विचारल्यावर ‘विवरणपत्रानुसार उत्पन्न द्यावे’ असे उत्तर आले. तिसऱ्या प्रश्नाला ‘बँकेच्या धोरणानुसार’ असे मोघम उत्तर मिळाले.

मर्यादा कमी होणार हे धरूनच त्यांनी पुढची तयारी केली. त्या वेळी कार्डावर हप्त्यांचे ८०,००० आणि चालू खर्चाचे ६८,००० मिळून १,४८,००० रुपये होते. सहा लाखांच्या मर्यादेत हा वापर साधारण २५ टक्के होता. मर्यादा अडीच लाखांवर आली असती तर तोच वापर जवळपास ५९ टक्के दिसला असता. एक रुपयाही जास्त खर्च न करता माणूस उधारीने दबलेला वाटू लागतो, आणि मर्यादेच्या तुलनेत वापर जास्त दिसला की पतगुणांकावर (क्रेडिट स्कोअरवर) ताण येतो. म्हणून त्यांनी बिलाची तारीख येण्याआधीच ६८,००० रुपये भरून टाकले.

कागदपत्रांसाठी ॲपने दोन मार्ग दिले होते. एक म्हणजे विवरणपत्राची पीडीएफ चढवणे आणि दुसरा, अकाउंट ॲग्रिगेटरमार्फत (ग्राहकाच्या संमतीने एका संस्थेकडची आर्थिक माहिती दुसरीकडे पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) दुसऱ्या बँकेतील खात्याचा उतारा पाहण्याची संमती देणे. दुसरा मार्ग वाटतो तितका धोक्याचा नाही. संमतीत हेतू व कालावधी लिहिलेला असतो, ती मागे घेता येते आणि मधल्या ॲग्रिगेटरला ती माहिती वाचता येत नाही. तरीही उताऱ्यात कोणत्या कारखान्याकडून किती पैसे आले हे सगळे दिसणार होते आणि एका उत्पन्नाच्या आकड्यासाठी एवढे उघडे करणे त्यांना गरजेपेक्षा जास्त वाटले. त्यांनी विवरणपत्राची पोचपावती चढवली, ‘स्वयंरोजगार’ निवडले आणि रकान्यात ७,००,००० लिहिले.

घरात एक भीतीही बोलून दाखवली गेली होती : बँकेला आकडा सांगितला की तो प्राप्तिकर खात्याकडे जातो. त्यांच्या सी.ए.नी ती दूर केली. ‘ताई, तुम्ही भरलेला आकडा नाही जात. एका आर्थिक वर्षात कार्डाची बिलं दहा लाखांवर भरली, किंवा रोखीने लाखभर भरले, तर ते भरणं कळवलं जातं,’ असे त्यांनी सांगितले. बाईंचा वर्षाचा कार्डखर्च याच्या निम्म्यावरही नव्हता, आणि जे उत्पन्न बँकेला कळवले ते विवरणपत्रात आधीच होते.

काय घडले

साधारण तीन आठवड्यांनी संदेश आला : कार्डाची मर्यादा ६,००,००० वरून २,५०,००० करण्यात आली आहे. एव्हाना आणखी एक हप्ता गेला होता आणि कार्डावर ७०,००० रुपये उरले होते, म्हणजे नव्या मर्यादेतही वापर २८ टक्केच होता. आधी भरलेल्या ६८,००० रुपयांचा उपयोग इथे झाला.

मर्यादा इतकी खाली का आली याचा शोध घेतल्यावर उलगडा झाला. रकान्यात ७ लाख लिहिलेले असूनही बँकेने पोचपावतीवरचे ५,२५,००० धरले होते. भविष्य निर्वाह निधीत बचत केली आणि विमा काढला, म्हणून बँकेच्या नजरेत त्यांचे उत्पन्न पावणेदोन लाखांनी घटले! करपात्र उत्पन्न आणि हातात येणारे उत्पन्न यांतला हा फरक पोचपावतीवरून कळत नाही. तो विवरणपत्रासोबतच्या कॉम्प्युटेशनमध्ये, म्हणजे उत्पन्न व वजावटींच्या हिशोबाच्या तक्त्यात दिसतो, आणि ते त्यांनी जोडले नव्हते.

यावर दोन मार्ग होते. घरी लोकपालाकडे जाण्याचा आग्रह होता. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हा लागू असलेल्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास तक्रार करता येत होती. मात्र बँकेचा व्यावसायिक निर्णय हा त्या योजनेच्या कक्षेबाहेर ठेवलेला होता, आणि किती उधारी द्यायची हा तसाच निर्णय आहे. २०२२ च्या निर्देशांनुसार मर्यादा वाढवायची तर ग्राहकाची स्पष्ट संमती लागते, पण कमी करायची तर ग्राहकाला कळवणे पुरते. बँकेने कळवले होते. न कळवता मर्यादा कापली असती आणि रुग्णालयाच्या खिडकीवर कार्ड नाकारले गेले असते, तर तक्रारीला भक्कम आधार मिळाला असता. हा भेद अनेकांच्या लक्षात येत नाही आणि निष्फळ तक्रारीत दोन-तीन महिने जातात.

त्यांनी मर्यादेबद्दल तक्रार केली नाही. चुकीचा आकडा धरला गेल्याबद्दल दुरुस्तीची विनंती केली, सोबत कॉम्प्युटेशन जोडले आणि वजावटीआधीच्या ७,००,००० च्या ओळीवर खूण केली. बँकेने फेरविचार करून ३,७५,००० रुपयांची मर्यादा देऊ केली आणि या वेळी वाढ असल्यामुळे नियमाप्रमाणे त्यांची संमती घेतली. सहा लाख परत मिळाले नाहीत. त्यांच्या आजच्या उत्पन्नाकडे पाहता ते मिळायला हवे होते, असे मलाही वाटत नाही.

रुग्णालयाच्या अनामतीसाठी त्यांनी २,००,००० रुपयांची मुदत ठेव वेगळी काढून ठेवली. ती बचत खात्याला जोडलेली आहे आणि लागेल तेवढी रक्कम त्यातून लगेच सुटते. आधी हे पैसे दुसऱ्या एका ठेवीत नुसते पडून होते, कारण कार्ड आहेच अशी सर्वांची समजूत होती.

काय वेगळे करता आले असते

नोकरी सुटली तेव्हा, २०२२ मध्येच, बँकेला कळवले असते तर मर्यादा कदाचित तेव्हाच घटली असती, पण संगणकाच्या हप्त्यांचे ओझे डोक्यावर नसताना घटली असती. हा निर्णय मात्र वाटतो तितका सरळ नाही. व्यवसायाच्या पहिल्या वर्षात दाखवण्याजोगे विवरणपत्रच नव्हते आणि त्या काळात कळवले असते तर मर्यादा याहूनही खाली गेली असती. पहिले विवरणपत्र भरल्यावर लगेच, म्हणजे जुलै २०२४ नंतर, स्वतःहून माहिती देणे हा त्यातल्या त्यात योग्य काळ होता.

कॉम्प्युटेशन पहिल्याच खेपेला जोडायला हवे होते. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाला हा धोका आहे. ज्याची बचत अधिक, त्याची पोचपावती तेवढी दुबळी दिसते. नव्या प्रणालीत या वजावटी नसल्यामुळे हा फरक बहुतेक नाहीसा होतो.

हप्ते चालू असताना माहिती द्यावी की थांबावे, यावर त्यांच्या घरात बराच खल झाला होता. सूचनेला अंतिम तारीख नव्हती. आठ महिने थांबून हप्ते संपल्यावर आकडा भरता आला असता. त्यांनी थांबायचे नाही असे ठरवले, कारण जुना ‘नोकरदार’ हा शिक्का आपल्याला ठाऊक असूनही तसाच ठेवणे त्यांना पटले नाही. मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो. पण ज्याच्याकडे ६८,००० रुपये आधी भरण्याची सोय नाही त्याने ऐच्छिक सूचनेसाठी दोन-तीन महिने घेतले तर त्याला दोष देता येणार नाही.

बँकेच्या बाजूने करण्यासारखे बरेच आहे. ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्याखाली एक ओळ पुरली असती : नोकरदाराने एकूण पगार लिहावा, व्यावसायिकाने वजावटीपूर्वीचे निव्वळ उत्पन्न लिहावे, कुटुंबातील इतरांचे धरू नये. या माहितीवरून मर्यादा वाढू किंवा घटू शकते हे तिथेच सांगता आले असते. माहिती ऐच्छिक आहे हे विचारल्यावर कळले, ते आधीच लिहायला हवे होते. फोनच्या बाबतीत थोडी सुधारणा झाली आहे. सेवाविषयक फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितले, त्यामुळे दहा आकडी मोबाइलवरून आलेला ‘बँकेचा’ फोन ओळखणे आता सोपे झाले आहे.

त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाला अजूनही नेमके उत्तर मिळालेले नाही. पुढचे विवरणपत्र भरल्यावर त्या पोचपावती आणि कॉम्प्युटेशन एकत्र करून स्वतःहून ॲपमध्ये चढवणार आहेत आणि मर्यादा बदलण्याआधी किती दिवस कळवणार, हे त्याच वेळी पुन्हा लेखी विचारणार आहेत.